एका वर्गखोलीसाठी दोन वर्षे : शाळा व्यवस्थापन समितीतील माझा अनुभव

ऑगस्ट 2022 मधील एका सोमवारी सकाळी मैदानात परिपाठ चालू असताना आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाच्या छताचा गिलावा खाली आला. मुले बाहेर ओळीत उभी होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. मी पोहोचले तेव्हा पहिल्या दोन बाकांवर परातीएवढे तुकडे पडलेले होते आणि वर पाहिले तर स्लॅबच्या सळया उघड्या पडून गंजाने लालभडक झालेल्या दिसत होत्या. त्यांतल्या एका बाकावर माझी मुलगी बसत असे. त्याच्या बरोबर महिनाभर आधी पालकसभेत माझी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली होती, आणि खरे सांगायचे तर तोपर्यंत त्या पदाचा अर्थ मला झेंडावंदनाला पुढच्या खुर्चीवर बसणे एवढाच माहीत होता.

आमचे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले. निम्म्याहून अधिक घरांत कन्नड बोलली जाते, शाळा मराठी माध्यमाची आहे, आणि बहुतेक पालक सकाळी रानात गेले की दिवे लागणीलाच परततात. मी स्वतः सोलापुरात एका पतसंस्थेत लेखनिक आहे. सभेचा अजेंडा काढणे, इतिवृत्त लिहिणे, सूचक आणि अनुमोदक यांची नावे घालणे हे माझे रोजचे काम, त्यामुळे शाळेचे इतिवृत्त रजिस्टर पहिल्यांदा हातात घेतले तेव्हाच माझ्या लक्षात आले की आधीच्या सभांच्या नोंदी जवळजवळ एकाच मजकुराच्या आहेत : मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले, पोषण आहाराचा आढावा घेण्यात आला, आयत्या वेळचे विषय नाहीत. छत गळते, भिंतीला भेग आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, यांतले एक अक्षरही त्यांत नव्हते. ज्यांनी ते लिहिले त्यांना मी दोष देत नाही, कारण अशी नोंद हवी हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. पण ज्या गोष्टीची नोंद नाही तिच्यासाठी निधी मागता येत नाही, हे मला पुढच्या दोन वर्षांत पदोपदी अनुभवास आले.

गिलावा पडला त्या दिवशी संध्याकाळीच आम्ही तातडीची सभा घेतली. 2009 च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे समितीतील किमान 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्याकडे कागदावर तसे होतेच, परंतु सभा सकाळी अकराला भरत असल्याने त्या महिलांपैकी एखादी कधी आली तर आली. सभेची वेळ संध्याकाळी साडेसहा करण्याचा निर्णय मी पहिल्याच सभेत मांडला आणि मुख्याध्यापक गुरुजींनी, जे समितीचे सदस्य सचिव असतात, शाळा सुटल्यावर दोन तास थांबण्याची तयारी दाखवली. त्यांच्या या तयारीशिवाय पुढचे काहीच घडले नसते.

त्या सभेत आम्ही ठराव केला तो असा : ‘तिसरीच्या वर्गखोलीची तातडीने दुरुस्ती व्हावी.’ केंद्रप्रमुखांमार्फत प्रस्ताव वर गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला, आणि परत येण्याचे कारण योग्य होते. खोली दुरुस्त करायची की पाडून नवी बांधायची, हे आम्ही ठरवलेलेच नव्हते. दुरुस्तीचा प्रस्ताव निराळा असतो, आणि खोली वापरास धोकादायक ठरवून शासकीय मालमत्तेतून कमी करायची असेल तर त्याला निर्लेखन म्हणतात व त्याचा प्रस्ताव निराळा असतो. निर्लेखनासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा व ग्रामपंचायतीचा असे दोन स्वतंत्र ठराव, खोलीची सर्व बाजूंनी छायाचित्रे, बांधकामाचे वर्ष, जागेचा उतारा आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्यांचा अहवाल जोडावा लागतो. मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासक पाहत होते, त्यामुळे गटाच्या सदस्याला जाऊन भेटावे ही गावाची नेहमीची वाट बंद होती. जे काही पुढे जायचे ते कागदावर जाणार होते.

याच सुमारास दुसरी अडचण उघड झाली, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि दरवर्षी शाळेची संपूर्ण माहिती यू-डायस प्लस प्रणालीत भरली जाते. त्यात वर्गखोल्या चांगल्या स्थितीतील किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, असे रकाने असतात. आमच्या शाळेच्या छापील प्रतीत चारही खोल्या ‘चांगल्या’ रकान्यात होत्या. मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे आली होती, आणि त्याच्या मागच्या वर्षीही तेच झाले असावे. ही प्रत मी सभेत वाचून दाखवली तेव्हा आमच्या समितीतील एक वयस्क सदस्या, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, काही वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मग सरकारला काय दिसतंय गं? आपल्या पोरांना छप्पर बरं हाय, असंच दिसतंय की.”

मला त्यांचे ते वाक्य इतिवृत्तात लिहिता आले नाही. पण पुढच्या प्रत्येक कामात ते माझ्यासमोर राहिले. या माहितीसाठी 30 सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरली जाते. आम्ही सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात गुरुजींबरोबर बसून एकेक रकाना प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासला. चार खोल्यांपैकी दोन चांगल्या, एक किरकोळ दुरुस्तीची, एक मोठ्या दुरुस्तीची. मुलींचे स्वच्छतागृह : आहे, परंतु वापरात नाही. हात धुण्याची जागा : आहे, नळाला पाणी नाही. उतरंड (रॅम्प) : आहे, कठडा नाही. कठडा नसलेल्या त्या उतरंडीवरून एका पायाने अधू असलेली दुसरीतली एक मुलगी भिंतीला हात लावून वर चढत असे, आणि आम्ही सर्वांनी ते रोज पाहिले होते.

आमचा पट तेव्हा 118 होता. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे 91 ते 120 पटाच्या प्राथमिक शाळेला चार शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली लागते. म्हणजे एक खोली बंद केली की शाळा त्या क्षणी निकषाखाली जाते. नव्या खोलीच्या मागणीत आम्ही गावाची विनंती लिहिली नाही, हाच निकष व ही संख्या लिहिली. विनंतीचा अर्ज कितीही कळकळीने लिहिला तरी तो इतर अर्जांच्या रांगेत बसतो; पट आणि निकष यांतली तफावत दाखवली की वाचणाऱ्याला ती हाताने पडताळता येते, असे माझे मत झाले आहे.

ऑक्टोबरमध्ये अभियंता साहेब पाहणीला आले. त्यांनी आधी स्लॅब पाहिला, मग खिडकीच्या लिंटेलच्या (वरच्या आडव्या तुळईच्या) कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी गेलेली भेग पाहिली आणि विचारले की ही भेग उन्हाळ्यात रुंदावते का. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणीच लक्ष दिले नव्हते. त्यांनी समजावून सांगितले की आमच्या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, जुन्या दगडी भिंतींचा पाया त्या मातीतच थांबलेला असला तर तो दरवर्षी थोडा हलतो, आणि भेग केवळ बुजवून तो हलणे थांबत नाही. त्यांनी भेगेवर दोन ठिकाणी आडवी सिमेंटची पातळ पट्टी लावून घेतली, ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली, आणि दर शनिवारी पाहून नोंद ठेवा असे सांगितले. चौथीच्या मुलांनी ती जबाबदारी घेतली. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी वरची पट्टी मधोमध तडकली. तडा इतका बारीक होता की नख फिरवल्यावरच कळत होता. मुलांनी वहीत लिहिले, ‘वरची पट्टी तुटली, खालची चांगली आहे.’ जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा खालचीही तुटलेली होती. ते वहीचे पान आम्ही छायाचित्रांसह प्रस्तावाला जोडले.

नवा ठराव मी पतसंस्थेच्या सवयीने लिहिला : खोलीचे वर्णन, लांबी-रुंदी, वापर बंद केल्याची तारीख, ‘वापरास धोकादायक असल्याने निर्लेखित करण्यास ही समिती सर्वानुमते मान्यता देत आहे’, सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या आणि अंगठे. हा प्रस्ताव परत आला नाही. गटशिक्षणाधिकारी, बांधकाम विभाग, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या क्रमाने तो गेला; मी दर पंधरवड्याला कामावरून सुटल्यावर सोलापुरातच आवक क्रमांक घेऊन चौकशी करत असे व तो क्रमांक इतिवृत्तात नोंदवत असे. मान्यता मिळाली आणि मे 2023 च्या सुट्टीत जुन्या साहित्याचा लिलाव होऊन खोली पाडली गेली. तिसरीचा वर्ग त्या जूनपासून गावातील मंदिराच्या सभामंडपात भरू लागला.

दरम्यान स्वच्छतागृहाचे काम वेगळ्या वाटेने झाले. माझ्या मुलीची पाण्याची बाटली सकाळी भरून जात असे आणि संध्याकाळी भरलेलीच परत येत असे; विचारल्यावर ती म्हणाली की पाणी प्यायले की जावे लागते आणि जायला जागा नाही. महिला सदस्यांच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा कळले की प्रत्येकीच्या घरी हेच चालले आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातील 60 टक्के रक्कम बंधित असते, त्यातील निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, हे ग्रामसेवकांनी आम्हांला सांगितले. म्हणून आम्ही 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तेरा महिला एकत्र गेलो आणि शाळेच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, हजार लिटरची टाकी व नळजोडणी हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घेतले. गावाला पाणी दोन दिवसांआड येते, त्यामुळे टाकीशिवाय नळाचा उपयोगच नव्हता.

याच वर्षी समितीत एक मतभेदही झाला. समग्र शिक्षा या शासकीय योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. 101 ते 250 पटाला वर्षाला 50,000 रुपये असा निकष आहे आणि त्यातील किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. जानेवारी 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान सुरू झाले तेव्हा काही सदस्यांना वाटले की हाती असलेली रक्कम भिंती रंगवण्यासाठी वापरावी, म्हणजे गुणांकनात शाळा वर येईल. रंगीत भिंती मुलांना आवडतात हे मलाही मान्य आहे. तरीही मी आग्रह धरला की उतरंडीचा कठडा आणि स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी आधी. मतदान घ्यावे लागले. कठडा दोन मतांनी मंजूर झाला. रंगकाम नंतर गावातील तरुणांनी लोकवर्गणीतून केले आणि ते सुंदर केले.

हे सगळे चालू असताना पालकांपर्यंत माहिती पोहोचवणे हे काम आम्ही सभेइतकेच महत्त्वाचे मानले. प्रत्येक सभेच्या दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या जात : काय ठरले, कागद कोठे आहे, किती रुपये आले व गेले. व्हॉट्सॲपच्या गटावर त्याचे छायाचित्र जाई. पण वाचता न येणाऱ्या आयांना त्याचा उपयोग नव्हता, म्हणून आमच्या एक सदस्या आठवडी बाजाराच्या दिवशी पारावर बसून तेच कन्नडमध्ये सांगत. नव्या खोलीचे काम लांबत होते तेव्हा गावात नाराजी पसरली नाही, याचे श्रेय मी त्यांनाच देते.

जिल्हा वार्षिक योजनेतून नवी खोली मंजूर होऊन प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश असे टप्पे पार पडले, आणि मार्च 2024 मध्ये पाया खोदला. काळी माती संपून कठीण मुरूम लागेपर्यंत खोदाई झाली पाहिजे, हे आम्हांला आता माहीत होते. समितीतील दोन पालक, जे स्वतः गवंडीकाम करतात, खड्ड्यात उतरून पाहून आले. स्लॅब एप्रिलच्या शेवटी पडला. सोलापूरचा एप्रिल कसा असतो हे येथील माणसाला सांगायला नको; दुपारी ओतलेले पाणी डोळ्यांदेखत वाळत होते. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवले होते, पण ठेकेदाराचा माणूस दिवसातून एकदाच येई. महिला सदस्यांनी पाळ्या लावल्या, पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला, आणि सलग तीन आठवडे एकही पाळी चुकली नाही. आळ्यांत पाण्याखाली बोट घालून अक्का रोज स्लॅब चाचपून पाहत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसरीचा वर्ग सभामंडपातून नव्या खोलीत आला. जुलैमध्ये आमच्या समितीची दोन वर्षांची मुदत संपली. दप्तर नव्या अध्यक्षांकडे देताना मी राहिलेल्या कामांची यादी रजिस्टरमध्ये स्वतःच्या सहीने लिहिली : किरकोळ दुरुस्तीच्या खोलीच्या दोन खिडक्या, कुंपणाची पूर्व बाजू, आणि 30 सप्टेंबरपूर्वी यू-डायसमध्ये पाडलेल्या खोलीची नोंद कमी करून नव्या खोलीची नोंद घेणे. ऑक्टोबरमध्ये गुरुजींनी मला छापील प्रत आणून दाखवली. चांगल्या खोल्या तीन, किरकोळ दुरुस्तीची एक, मुलींचे स्वच्छतागृह वापरात.