बायपास म्हटलं की सगळे छातीकडेच बघतात

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी साडेनऊला डॉक्टर म्हणाले, "मावशी, आज घरी." नर्सने हातातली सुई काढली, सुनेने बॅग भरली, गाडीवाल्याला बोलावणं गेलं. आणि रात्री पावणेनऊपर्यंत आम्ही त्याच कॉटवर बसून!

पुण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर क्वेरी आली होती: "बायपास झाल्याचे दिसते, हृदयाच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट जोडा." अहो, माझं हृदय ठणठणीत आहे! मला मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात आणि तिथे बारीक वाहिन्यांचं जाळं फुटतं. फिल्मवर ते धुरासारखं दिसतं, म्हणून हे जपानी नाव. गरम आमटीवर जोरजोरात फुंकर मारली की माझा डावा हात लुळा पडायचा, तिथून हे सगळं सुरू झालं. उजव्या कानापुढून वर जाणारी डोक्याच्या कातडीची धमनी सोडवून, कवटीला खिडकी पाडून, मेंदूवरच्या धमनीला जोडली, हीच माझी बायपास. मुलाने काउंटरवरच्या पोराला हे तीनदा सांगितलं. तो तीनदा "हो सर" म्हणाला. जेवणाच्या सुट्टीनंतर तीच क्वेरी परत!

"ही डोक्याची शस्त्रक्रिया आहे, हृदयाशी संबंध नाही" एवढी एक ओळ सर्जनच्या सहीशिक्क्याने हवी होती. सर्जन पाचपर्यंत ऑपरेशनमध्ये. मग मंजुरीची वाट, मग उरलेली औषधं परत करायची रांग. त्या दिवसाचं खोलीभाडंही आम्ही निमूट भरलं. घरी आल्यावर कळलं, विमा नियामकाने 2024 मध्येच बजावलंय: हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून 3 तासांत अंतिम मंजुरी द्यायची, उशिराने वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसायचा. तेव्हा माहीत असतं तर मी कॉटवरून उठून भांडले असते, टाके असले तरी. तुम्ही भरती होतानाच फॉर्मवर 'मेंदूची बायपास' असं ठळक लिहून घ्या.

आयसीयूचं फारसं आठवत नाही. नर्स तासातासाला पेनाएवढं डॉप्लर, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, कानापुढे टेकवायची, सूं-सूं आवाज आला की खूश. तिसऱ्या दिवशी हात पुन्हा बधिर झाला, जीभ जड झाली. नवीन रस्त्याने एकदम जास्त रक्त आल्यावर असं होऊ शकतं म्हणाले. रक्तदाब आटोक्यात ठेवला, दोन दिवसांत गेलं.

सोलापुरात परतलो तेव्हा मार्च लागला होता. मोयामोयावाल्याच्या अंगातलं पाणी कमी होऊन चालत नाही, आणि इथलं ऊन तर तुम्हाला ठाऊकच. नळाला पाणी चार दिवसांनी आलं तरी चालेल, माझ्या उशाशी तांब्या भरलेला हवा. अ‍ॅस्पिरिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी सर्जनला फोन. जबड्याचं मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. कानशिलाचा स्नायू कापलेला असतो, त्यामुळे तोंडच उघडेना. कडक भाकरी नि शेंगाचटणी समोर, आणि मी दूधभात खातेय! दीड महिना गेला त्यात.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "छातीत दुखत नाही ना आता?"

आणि हो, चष्मा! जोडलेली धमनी कानापुढून जाते, तिथे काडीचा दाब पडू द्यायचा नाही. घट्ट टोपी, रुमालाची गाठ, सगळं बंद. मी उजवी काडी काढून दोरी लावून घेतली. नातू हसतो, हसू दे.