नागपुरातील घटपर्णी : दुसऱ्या उन्हाळ्यानंतरची नोंद

घटपर्णी (नेपेंथिस) ही पानांच्या टोकांवरच्या घटांत कीटक पकडून पचवणारी वनस्पती. माझ्याकडची नेपेंथिस व्हेंट्राटा आहे, म्हणजे व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या दोन जातींचा संकर. आज, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तिच्यावर पाच घट उघडलेले असून आणखी दोन फुगू लागले आहेत. गेल्या वर्षी याच सुमारास एकही नव्हता.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, गॅलरीत तापमान ४५ अंश आणि आर्द्रता जेमतेम १५ टक्के होती. पाने हिरवीच राहिली. परंतु घट हा पानाच्या टोकातून निघणाऱ्या तंतूच्या शेवटी तयार होतो, आणि इतक्या कोरड्या हवेत ते टोक फुगण्याआधीच काळे पडून वाळते. घाबरून मी कुंडी कूलरच्या थेट झोतासमोर ठेवली, तेव्हा उरलेल्या दोन घटांतील द्रवही आटला. या वर्षी ती कूलरच्याच खोलीत, पण झोतापासून बाजूला, पूर्वेच्या खिडकीतील पांढऱ्या पातळ पडद्यामागे ठेवली आणि खिडकी चार बोटे उघडी राहू दिली. दिवसा आर्द्रता ५५ ते ६० टक्के राहिली. हवा खेळती असल्यामुळे बुरशीही धरली नाही. माझ्या मते नागपुरात या झाडासाठी कूलरइतका उपयुक्त मित्र दुसरा नाही.

दुसरी चूक पाण्याची होती. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ६५० च्या आसपास आहे आणि त्या क्षारांचा पांढरा थर महिनाभरातच कुंडीच्या काठावर दिसू लागला होता. निकृष्ट जमिनीला सरावलेल्या या मुळांना क्षार सोसत नाहीत. आता पहिल्या काही सरींनी गच्ची धुऊन निघाली की पुढचे पावसाचे पाणी दोन ड्रममध्ये साठवतो; ते संपल्यावर आरओचे शुद्ध पाणी वापरतो, त्यातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी मात्र कधीही नाही. सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवतात, तशी हिची ठेवू नये, मुळे कुजतात.

कुंडीतले मिश्रण स्फॅग्नम मॉस (दलदलीतले शेवाळ), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि पाइनची साल यांचे आहे. आपली काळी माती आणि कोणतेही खत यांना त्यात जागा नाही. खाऊ घालण्याचीही गरज पडली नाही, कारण घटाच्या काठावरील मधुरसाने मुंग्या आपणहून येतात. मी एकदा हौसेने झुरळ टाकले होते; तो घट आठवड्यात तपकिरी होऊन कुजला.

पुढे खासियाना लावण्याची इच्छा आहे. भारतातील ही एकमेव देशी नेपेंथिस मेघालयाच्या डोंगरांत वाढते आणि साइट्स या दुर्मीळ जीवजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. त्यामुळे बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवलेले आणि तशी कागदपत्रे असलेलेच रोप घेईन. तोपर्यंत डिसेंबरची तयारी करायची आहे : रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की व्हेंट्राटा खिडकीतून आतल्या भिंतीशी जाईल आणि पाणी निम्म्यावर येईल.