तुम्ही विचारलंत म्हणून: "जरा जरा देऊन सवय का लावत नाही?"

हळदीकुंकवात विचारता, पालकसभेत विचारता, खानापूर स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघतानासुद्धा विचारता. "बाई, पोराला काजू जरा जरा देऊन बघा की. सवय होतंय." काजूच्या मुलखात राहून काजू चालत नाही, म्हणजे आमचेच काहीतरी लाड, असा त्यात सूर असतो.

दिला होता. मीच दिला होता.

तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याआधी एकदा बर्फीच्या तुकड्याने त्याचे ओठ सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या. रक्ततपासणीत काजूविरुद्धचं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीतलं प्रतिपिंड, निघालं. पण मी पडले विज्ञानाची शिक्षिका. लंडनच्या संशोधकांचा 2015 सालचा अभ्यास वाचून हुरळले होते. 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं; निम्म्यांना शेंगदाणा नियमित खायला दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. न खाणाऱ्यांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 17 टक्के, खाणाऱ्यांत 3. मग काजूला काय झालं?

रविवारी सकाळी काजूची एक पाकळी किसणीवर दोनदा फिरवली. नखावर मावेल एवढा चुरा. गुरगुट्या भातात कालवून एक घास भरवला आणि घड्याळ बघत बसले. तो दारात लाकडी गाडी ओढत होता. सात-आठ मिनिटांनी आला आणि म्हणाला, "आई, जिभेत काटा आहे." मी जीभ बघितली, काही नव्हतं. मग खोकला. मग त्याचा आवाज बदलला, म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा. उलटी झाली. पोट, पाठ, कान, सगळीकडे गांधी. शेजाऱ्यांच्या ओम्नीत तो माझ्या मांडीवर होता आणि मी त्याला सारखी बोलतं करत होते, कारण गप्प झाला की मला भीती वाटायची. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा श्वास मोकळा झाला.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणाले, माहीत नाही.

शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्या घरी काजू सोलायचं काम आणायच्या. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं, आणि तरी गप्प राहिले. डॉक्टरांना नंतर एकटं गाठून खरं सांगितलं.

त्या वेळच्या मला आज सांगावंसं वाटतं: बाई, ती बाळं अजून शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची नव्हती. तुझ्या मुलाला अ‍ॅलर्जी झालेली होती. होऊ नये म्हणून करायची गोष्ट आणि झाल्यावर करायची गोष्ट एक नसते.

आणि "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणणाऱ्यांनो, ती कमी नाहीच. प्रतिपिंडं रक्तातल्या बी पेशी बनवतात, पण कुठल्या जातीची बनवायची ते त्या एकट्या ठरवत नाहीत. लसिका ग्रंथीत मदतनीस टी पेशी त्यांना आयएल-4 या रसायनातून निरोप देतात आणि बी पेशी आयजीईकडे वळते. 2019 साली या मदतनिसांतला एक खास प्रकार सापडला. तो आयएल-13 ही सोडतो, आणि त्यातून अन्नाला घट्ट पकडणारं आयजीई तयार होतं. तेच मास्ट पेशींवर, म्हणजे गांधी-सूज उठवणारी रसायनं सोडणाऱ्या पेशींवर, दबा धरून बसतं. या मदतनिसांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वेगळ्या. त्यांच्या शोधाला 2025 चं नोबेल मिळालं. नुसतं आयजीई असणं म्हणजे आजार नव्हे. आपल्याच कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका पाहणीत 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध ते सापडलं, पण खरी अ‍ॅलर्जी असावी असे 1.2 टक्केच. बाकीचे बिनघोर जेवतात.

तुमचं सगळंच चूक, असंही नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मिलिग्रॅमच्या हिशेबाने अन्न वाढवत नेतात. हळूहळू आयजीजी-4 हे दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड वाढतं आणि आयजीईच्या आधी ते अन्न पकडतं. पण डोस थांबला की पुष्कळांचं पहिल्यासारखं होतं. करून बघायचं की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. किसणीवर मात्र ते होत नाही.

एक गोष्ट मला अजून छळते. बाळपणी त्याला इसब होता, गुडघ्यामागची कातडी फुटलेली. अन्न फुटक्या कातडीतून आधी शिरलं तर शरीर बिथरतं, पोटातून आलं तर सांभाळून घेतं, अशी एक मांडणी आहे. त्याला तेल लावायच्या त्या सासूबाईच, काजू सोलून उठल्यावर. म्हणजे कदाचित... नाही, हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. आणि खरं असलं तरी तो घास त्यांनी भरवला नव्हता.

तो आता अकरा वर्षांचा आहे. पुड्यावर कानडीत 'गोडंबी' लिहिलंय का, ते तोच वाचतो. मी गडहिंग्लजची, मला गोडंबी म्हणजे बिब्ब्यातली. इथे कानडीत ती काजू.

सासूबाईंनी सोलायचं काम त्याच आठवड्यात सोडलं. परवा त्याला वाढायच्या आधी त्यांनी तीनदा साबणाने हात धुतले. मी मोजत होते.