बाबांनी वहीत लिहिलं, 'दुखणं थांबव'

बाबांच्या गालाचा कॅन्सर कशाने झाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, न खाणारा माणूस शोधावा लागतो. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि आठ महिन्यांत मानेत पुन्हा गाठ. डॉक्टर केमोबद्दल म्हणाले, "करून बघू." किती फायदा होईल, हे तीनदा विचारल्यावर उत्तर आलं: काही आठवडे, तेही जमलं तर.

पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव काढताच मोठे काका भडकले. "काहून, बापाला घरी मरायला आणतेस का?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन बाबांनाच विचारलं. बोलता येत नव्हतं. वहीत लिहिलं, 'सुई नको. दुखणं थांबव.' हे आधीच विचारायला हवं होतं. आम्ही महिनाभर त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो.

पॅलिएटिव्ह केअर केंद्रातल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दुखणं शून्य ते दहात मोजायला सांगितलं. बाबांनी नऊ बोटं दाखवली. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, दर चार तासांनी, चुरून नाकातल्या नळीतून. झोपताना दुप्पट, म्हणजे रात्री दोनला उठवायला नको. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. आईला व्यसनाची धास्ती. दुखण्यासाठी मापात दिलं तर ती भीती फार नसते, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं. ही गोळी गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही. 2014 मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं आहे, म्हणून अशा केंद्रातूनच आणायची.

खरं हाल मात्र वासाचे होते. जखमेचा वास. ऐन मे महिन्यात कूलर लावूनही तो जायचा नाही, भेटायला येणारे दारातच टेकायचे. नर्सबाईंनी मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी बारीक कुटून गॉजवर भुरभुरायला शिकवलं. आई खलबत्त्यात कुटायची, वेलदोडा कुटावा तशी. चार-पाच दिवसांत वास ओसरला.

काकांनी त्या संध्याकाळी काही न बोलता खुर्ची दारातून उचलली आणि पलंगाशी आणून ठेवली.

बाबा पुढे सात आठवडे होते. त्यांची नऊ बोटं तीनवर आली होती.