पद्मिनीचा गंजलेला पत्रा : माझा अनुभव

माझ्याकडे असलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मूळची माझ्या मामांची. दादरला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ती बरीच वर्षे उघड्यावर उभी असे, आणि मामांचे वय झाल्यावर ती सोलापुरात आमच्या घरी आली. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली आणि वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला, त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी सोलापुरात नीट उभी राहावी, असे मला मनापासून वाटत होते. इंजिनाचे काम आधीच झाले होते. पत्र्याचे काम मात्र मी थांबवून ठेवले होते, कारण ते अर्धवट करून घेण्यापेक्षा हात न लावलेला बरा, असे माझे ठाम मत होते आणि आजही आहे.

वरवर पाहता गाडी वाईट दिसत नव्हती. रंगाला दरवाजांच्या खालच्या कडेशी थोडे फोड आले होते, इतकेच. असा फोड मात्र बहुतेक वेळा आतून आलेला असतो. पत्र्याच्या मागच्या बाजूने गंज सुरू होतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, आणि तो रंगाला बाहेर ढकलतो तेव्हा कुठे आपल्याला त्याचा पत्ता लागतो. म्हणून मी रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक घेऊन सगळ्या गाडीवरून फिरवले. छत, बोनेट आणि दरवाजांचा वरचा भाग येथे ते घट्ट चिकटले. दरवाजांखालच्या पायरीवर आणि मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर मात्र ते चिकटलेच नाही, घसरून खाली पडले. पूर्वी कधीतरी तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरली गेली होती आणि ती काही ठिकाणी बोटभर जाड होती.

शहरात मी तीन-चार ठिकाणी गाडी दाखवली. बहुतेकांचे म्हणणे एकच होते, की गंज घासून, पुट्टी मारून, रंग देऊ. दोन वर्षे काही होणार नाही. अक्कलकोट रोडच्या बाजूला काम करणारे एक वयस्क मिस्त्री मात्र आधी गाडीखाली शिरले. त्यांनी पायरीच्या आतल्या कडेला पेचकस टेकवला, जरासा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ते म्हणाले, "सर, हितं हात लावून बघा. ह्यो पत्रा हाय का कागद हाय? हे कापल्याशिवाय मी रंगाचा डबा उघडणार न्हाई." गाडी त्यांच्याकडेच द्यायची, हे मी तेथेच ठरवले.

त्यांच्या या आग्रहामागचे कारण गाडीच्या रचनेत आहे. या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, नसते. तळ, पायऱ्या, खांब आणि छत मिळून एकच पेटी होते आणि गाडीचा सगळा भार त्या पेटीवर असतो. दरवाजाखालची पायरी ही दिसायला पट्टी असली, तरी ती आतबाहेरच्या पत्र्यांची पोकळ तुळई आहे. ती खाल्ली गेली की गाडी मधोमध वाकू लागते आणि दरवाजे लागेनासे होतात. त्यामुळे कापण्यापूर्वी त्यांनी गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली, पाणसळ लावून तळ समपातळीत आणला आणि दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या टाकून त्या खांबांना वेल्डिंगने पकडवल्या. दरवाजा व चौकट यांच्यातल्या फटी मी स्वतः मोजून खडूने खांबावरच लिहून ठेवल्या. बॅटरी काढली, आणि ठिणगीचे काम असल्यामुळे पेट्रोलची टाकीही उतरवून दूर ठेवली. एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

डाव्या पायरीचा बाहेरचा पत्रा ग्राइंडरने कापून काढला तेव्हा आत काय आहे ते दिसले. तळाशी ओलसर मातीचा थर बसला होता, त्यात झाडाची कुजलेली पाने होती, आणि त्यावर गंजाचे पापुद्रे एकावर एक साचले होते. हाताने उचलले की ते थरांनी सुटत. पाणी बाहेर जाण्यासाठी कारखान्याने ठेवलेली छिद्रे या मातीने आणि नंतर कोणीतरी मारलेल्या डांबरी लेपाने पूर्ण बुजली होती. पावसाचे पाणी आत येत होते आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. त्यात मुंबईच्या हवेतले मीठ मिसळले होते, आणि मीठ असले की गंजाची गती फार वाढते. सोलापुरात पाऊस कमी आणि हवा कोरडी असल्यामुळे गंज मंदावला असेल, पण मिठाची माती आत असेपर्यंत तो थांबणे शक्य नव्हते.

तयार पत्रे मिळतात का, हे मी पाहिले होते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली, त्यामुळे जुने सुटे भाग अजून मिळतात. परंतु मुंबईच्या टॅक्सीचा दरवाजा म्हणजे तोच समुद्र आणि तोच रोग, म्हणून मी नव्या पत्र्यातून घडवण्याचा मार्ग स्वीकारला. पायरीच्या आतल्या मजबुतीसाठी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा, आणि बाहेरच्या भागांसाठी २० गेजचा, सुमारे ०.९ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला) पत्रा आणला. जस्त चढवलेला पत्रा अधिक टिकेल, असे मी सुचवले होते. त्यावर मिस्त्रींनी सांगितले की वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, शिवाय जोडही नीट बसत नाही.

मागच्या चाकाची कमान घडवताना मी शेजारी बसून पाहिले. त्यांनी उजव्या बाजूच्या शाबूत कमानीवर जाड पुठ्ठा धरून तिचा आकार उतरवला, तो उलटा करून पत्र्यावर रेघ मारली आणि वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने तो हळूहळू खोलवला. प्रत्येक पाच-सहा ठोक्यांनंतर पत्रा गाडीला लावून पाहायचा, बोटाने उंचवटा शोधायचा आणि पुन्हा पिशवीवर घ्यायचा. कड आत मुडपण्यासाठी मागे लोखंडी ठेपा धरून ती थोडी थोडी वळवली. एकदम वळवली असती तर कडेला चुण्या पडल्या असत्या. तो तुकडा शेवटी जागेवर बसला तेव्हा सांध्यात फट अशी उरलीच नव्हती.

वेल्डिंगबाबत त्यांचे मत मला पटले, म्हणून सविस्तर लिहितो. पायरी आणि तळ येथे त्यांनी सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून केलेले वेल्डिंग, वापरले, कारण त्यात उष्णता कमी पसरते आणि जोड भक्कम होतो. कारखान्यात जेथे स्पॉट वेल्डिंग (दोन पत्रे दाबून ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणे) झाले होते, तेथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डिंगने भरली, म्हणजे जोडांची संख्या आणि जागा मूळच्यासारखीच राहिली. सलग जोडावर मात्र कधीही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेल्डिंग मारले नाही. येथे एक टिपका, वीतभर अंतरावर दुसरा, मग तिसरा, आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबायचे. दरवाजाच्या बाहेरच्या पत्र्यासाठी त्यांनी जुनी गॅसची टॉर्च घेतली. गॅसचा जोड मऊ राहतो आणि ठेप्यावर ठोकून सपाट करता येतो, सीओटूचा जोड कडक असल्यामुळे त्याला घासावेच लागते आणि घासताना पत्रा पातळ होतो. दर्शनी भागासाठी हा जुना मार्ग हातात कौशल्य असलेल्याने अवश्य वापरावा, असे मला वाटते.

संक्रांतीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी काम बंद राहणार होते, म्हणून उघडा पत्रा तसाच न सोडता त्यावर इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. जेथे पत्रा शाबूत होता पण खड्डे पडले होते, तेथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले, त्याने उरलेला गंज काळसर पडून स्थिर होतो, आणि नंतर ते पुसून, पूर्ण वाळवून मगच प्रायमर दिला. सांध्यांत पाणी अडवणारा सीलर भरला. पुट्टी लागली ती फक्त हातोडीच्या खुणा झाकण्यापुरती, दोन मिलिमीटरच्या आत. ती पाणी शोषते, म्हणून पाणी लावून न घासता कोरडीच घासली. रंगाचे काम सरळ होते, त्यात सांगण्यासारखे विशेष नाही.

खरा वेळ गेला तो पाण्याची वाट शोधण्यात. पुढच्या काचेवर पाइपने पाणी सोडून मी आत टॉर्च घेऊन बसलो, तेव्हा डाव्या कोपऱ्यात काचेच्या रबराखालून एक धार उतरून थेट पायाखालच्या तळावर जाताना दिसली. तळाला पडलेल्या भोकाचे कारण तेच होते. रबर बदलले, दरवाजांच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी केली, आणि पायऱ्यांच्या पोकळीत रबरी बूच लावलेल्या भोकांतून नळीने मेणाचा फवारा मारला. चौकटीतल्या लोखंडी नळ्या काढल्यानंतर खडूने लिहिलेल्या फटी पुन्हा मोजल्या. चारही दरवाजे पूर्वीच्याच मापात होते आणि एका बोटाने लागत होते.

आता पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि दिवाळीनंतर मी ती बुचे काढून आत पाहतो, छिद्रांतून तार फिरवतो आणि मेण उडालेल्या जागी पुन्हा फवारतो. डिकीच्या झाकणाची आतली कड अजून करायची राहिली आहे. त्यासाठीचा पत्रा मिस्त्रींकडे कापून ठेवलेला आहे, आणि हवा कोरडी असतानाच, उन्हाळ्याच्या आत, ते काम घ्यायचे ठरले आहे.