प्लॅटिनमची तारीख

४ जून ७४४० या दिवशी काय आहे, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, प्लॅटिनम आहे. प्लॅटिनमचा कॅस नंबर, म्हणजे रसायनाच्या ओळखीचा क्रमांक, ७४४०-०६-४. एक्सेलमध्ये टाइप करून एंटर मारला की त्याची तारीख होते. पॅलॅडियम, ७४४०-०५-३, महिनाभर आधी, ३ मेला. इथेनॉल मात्र सुटतं, कारण ६४-१७-५ मधला सतरावा महिना एक्सेललाही कुठल्या कॅलेंडरात सापडत नाही.

एक्सेल म्हणजे लग्नघरातला उत्साही मावसभाऊ. कुणी न सांगता खुर्च्या हलवणार, आणि वर विचारणार, "झालं ना काम?" जनुकांच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांनीच हात टेकले. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं तारखा होऊन बसायची, म्हणून २०२० मध्ये नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टने हा उत्साह बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये. रसायनांचे नंबर कोण बदलणार?

आमच्या नागपुरातल्या छोट्या ऑफिसात माझं काम हेच. लोक संयुगांच्या याद्या पाठवतात, त्यांची विद्राव्यता, विषारीपणा वगैरेचा अंदाज प्रोग्रामकडून एका दमात काढायचा. अंदाज काही मिनिटांत येतो. दिवस जातो तो फाइल तयार करण्यात. आणि खरं सांगू का, मला तोच भाग आवडतो.

प्रोग्रामला नाव नको असतं, रचना हवी असते. तीही एका ओळीत: सी, सी, ओ असं लिहिलं की इथेनॉल. ही स्माइल्स नावाची लिपी डेव्हिड वाइनिंगर यांची, १९८० च्या दशकातली. तिच्यात एका ॲट चिन्हाचे दोन झाले की रेणू आरशातला होतो. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्याच्या वासाचं, दुसरं बाळंतशेपाच्या. यादीतून कुणी ही चिन्हं 'कचरा' समजून पुसली, तर पुदिना आणि बाळंतशेपा एकाच ओळीत नांदायला लागतात. प्रोग्राम तक्रार करत नाही. उलट बेंझिन दोन तऱ्हांनी लिहिलं असेल तर एकच पदार्थ दोनदा मोजला जातो. म्हणून आधी सगळ्या ओळी एका प्रमाण रूपात आणायच्या, मगच दुबार नोंदी शोधायच्या. क्रम उलटा केला तर नुसती हमाली.

क्षारांचं वेगळंच. औषधाला हायड्रोक्लोराइड चिकटलेलं असतं. स्माइल्समध्ये मध्ये एक टिंब. बहुतेक वेळा ते सोडवून मूळ रेणूच द्यावा लागतो. आणि नावांतले स्वल्पविराम! '१,२-डायक्लोरोइथेन' अवतरणचिन्हांत नसेल तर सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडणाऱ्या साध्या फाइलीत, त्याचे दोन तुकडे होतात आणि पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात.

आमच्याकडे उमरेडची एक मुलगी शिकायला येते. परवा ती म्हणाली, "मॅडम, मी अख्खा कॉलम टेक्स्ट केला, तरी प्लॅटिनम पुन्हा तारखेत गेलं. काऊन?"

"फाइल सीएसव्ही केली ना? तिला फॉरमॅट लक्षात राहत नाही. पुन्हा उघडली की पुन्हा तेच. डबल क्लिकने उघडू नको, डेटा टॅबमधून आण, आणि तिथे कॉलम टेक्स्ट आहे असं सांग."

तिने तसं केलं. मग थोड्या वेळाने परत हाक. "मॅडम, इथे नुसतं 'संत्र्याच्या सालीचं तेल' लिहिलंय. याचं स्माइल्स काय टाकू?"

यादी नागपूरची, म्हणजे हे येणारच. त्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं, पण बाकीचेही बरेच घटक असतात. तेल हे मिश्रण. त्याला एक रचना नाही, म्हणून एक अंदाजही नाही. नुसतं लिमोनीन टाकलं तर आकडा छान येईल, पण तो तेलाचा नसेल.

"लिमोनीनची ओळ वेगळी कर, बाकीचे घटक कळवा म्हणावं. आणि तेलाची ओळ काढून टाक."

"मग ते म्हणतील ना, आमचं तेलच गायब केलं!"

"म्हणतील."

"तुम्हीच सांगा बाप्पा त्यांना," म्हणत तिने फोन माझ्याकडे सरकवला आणि पॅलॅडियमकडे वळली.