होडीत शिडी कशी उभी करायची?

माझी भाची यंदा चौथीत आहे. महाराष्ट्रात चौथीचं वर्ष म्हणजे शिवरायांचं वर्ष. मीही त्या वर्षी प्रतापगडाचा धडा घडाघडा म्हणून दाखवायचे. भाचीची तऱ्हा वेगळी. ती धडा वाचता वाचता समासात पेन्सिलीने प्रश्न लिहीत जाते. समास पुरेनात म्हणून दिवाळीत तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, तिला शंभर पानी वही आणून दिली. परवा ती वही माझ्या हाती आली. 'लढाई चालू असताना शूला लागली तर?' 'तोफेजवळ उभे राहणारे बहिरे व्हायचे का?' 'घोडा मेला तर त्याचे पैसे कोण द्यायचं?' 'समुद्रातल्या किल्ल्यात प्यायचं पाणी कुठून यायचं?' आणि एका आख्ख्या पानावर मोठ्या अक्षरांत, 'महाराजांना जंजिरा का नाही घेता आला?'

या शेवटच्या प्रश्नापायी जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिघं जंजिऱ्याला निघालो.

पहाटे पाचला पुणं सोडलं, ताम्हिणी उतरलो, माणगावला मिसळ खाल्ली आणि म्हसळ्यावरून दिघी गाठली. दिघीच्या जेटीवर गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं. बोट सुटली तशी आम्ही गाडीतून उतरून कठड्याशी गेलो. खाडीच्या तोंडाशी जंजिरा बसलेला. उंच नाही, टोकदार नाही, डोंगरी किल्ल्यासारखा आभाळात घुसलेला नाही. पाण्यातून सरळ वर आलेली काळी भिंत. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, याला पायथाच नाहीये."

मी आजवर जंजिऱ्यावर चार वेळा गेले असेन. हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. माणसं दाटीवाटीने बसली की तांडेल शीड सोडतो आणि वाऱ्यावर होडी निघते. वाटेत एक स्थानिक काका किल्ल्याची हकिगत सांगत होते. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, त्याचा अर्थच बेट. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, त्यांचा म्होरक्या राम पाटील. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापारी असल्याचं सोंग घेऊन आत प्रवेश मिळवला, भेटीदाखल दारू पाजली आणि रात्री पिंपांत लपवलेली माणसं बाहेर काढून कोट घेतला. दगडी तटबंदी त्यानंतरची, सोळाव्या शतकातली.

होडीतल्या लोकांनी मग प्रश्नांचा भडिमार केला. समुद्राखालून भुयार आहे का? तोफ किती मैल जायची? खजिना सापडला का? एका काकूंनी विचारलं, "हे सिद्दी मूळचे कुठले हो?" मला तो सगळ्यांत चांगला प्रश्न वाटला. हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख, तिथून गुलाम म्हणून दख्खनेत आणलेली ही माणसं. त्यांच्यातूनच निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर उभा राहिला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तर या बेटावर स्वतःचं राज्य टिकवलं, १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत. आपल्या धड्यांत सिद्दी फक्त शत्रू म्हणून येतो. किनाऱ्यावरच्या गावांवर त्याने घातलेल्या धाडी आणि पकडून नेऊन विकलेली माणसं हे खरंच आहे, आणि महाराजांना हा किल्ला का हवा होता याचं उत्तरही त्यातच आहे. पण विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी हे केलं, हेही मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं.

मुख्य दरवाजा लांबून दिसतच नाही. होडी तटाच्या अगदी जवळ जाते, दोन बुरूज बाजूला सरकल्यासारखे होतात आणि मग एकदम समोर कमान येते. तिथे होडी थांबत नाही, नुसती डोलत राहते. आम्ही गेलो तेव्हा समुद्र शांत म्हणावा असा होता, तरी पायरी कधी गुडघ्याशी येत होती तर कधी पावलाखाली जात होती. दोन खलाशांनी होडी हाताने रेटून धरली, तिसऱ्याने एकेकाचं मनगट पकडून वर ओढलं. बाबांना उतरवायला चांगली दोन मिनिटं लागली.

वर आल्यावर भाचीने पहिल्यांदा वही उघडली. तिला लाय पाटलाची गोष्ट माहीत होती. मोरोपंत पिंगळ्यांचा वेढा चालू असताना या सोनकोळ्याने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावून देण्याचं काम पत्करलं, आपल्या माणसांना घेऊन ते केलंही. पण मागून यायची ती फौज वेळेत आली नाही आणि उजाडायच्या आत त्याला शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणसाला पालखी काय करायची, म्हणून त्याने नम्रपणे नाकारली, तेव्हा एक गलबत बांधवून त्याचं नावच 'पालखी' ठेवलं आणि त्याला सरपाटील केलं, असं सांगतात.

"मावशी, पण होडीत शिडी कशी उभी करायची? होडी तर हलतेय."

आम्ही तिघंही पायऱ्यांवर उभे राहून तटाकडे बघत राहिलो. चाळीसेक फूट उंच भिंत. खाली लाटा. शिडीचा बुडखा होडीत टेकवला तर लाटेबरोबर शिडीही वर जाणार, खाली येणार, तटावर घासणार आणि आवाज करणार. वर पहारेकरी. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. बाबा म्हणाले, "ओहोटी धरली असेल त्यांनी. तटाच्या बुडाशी खडक उघडे पडतात, त्यावर शिडी टेकवता येते." म्हणजे काम भरती यायच्या आत उरकायचं. फौजेला उशीर झाला तर माणसं नाहीत, आणि आणखी उशीर झाला तर खडकही नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट पालखी नाकारल्याची गोष्ट म्हणून सांगत आले. तिचा गाभा त्या चार-पाच तासांत आहे हे मला त्या पायरीवर उभं राहून कळलं.

दरवाजाच्या भिंतीवर एक शिल्प आहे, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. तिथे फोटोंची गर्दी असते. आत फिरायला पाऊण तास मिळतो, त्यामुळे आम्ही पुढे सरकलो.

बाबांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. त्यांना तोफांआधी तलाव बघायचा होता. किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, आता शेवाळाने हिरवे झालेले. बरोबरचे लोक 'समुद्रात गोडं पाणी म्हणजे चमत्कारच' म्हणत होते. बाबा काठावर बसले आणि भाचीला म्हणाले, "लिही. कोकणात वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस. एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर. एका गुंठ्यावर किती पाणी पडलं?" तिने गुणाकार केला. तीन लाख लिटरच्या वर. "माणसाला पिण्याला आणि रांधण्याला रोजचे पाच लिटर धर. वर्षाचे किती?" अठराशे पंचवीस. भागाकार करून तिने वर बघितलं. एका गुंठ्यावरचं पाणी दीडशेच्या वर माणसांना वर्षभर पुरतं! "आणि हा किल्ला कितीतरी एकरांचा आहे," बाबा म्हणाले. "सगळं नाही साठत. काही मुरतं, काही वाफ होतं, काही समुद्रात जातं. पण साठवायला खड्डा हवा, त्याला गळती नको आणि त्यात कुणी घाण करायची नाही असा कडक नियम हवा. चमत्कार असेल तर तो नियम पाळण्यात आहे."

तोफांपाशी मात्र तिचा थोडा विरस झाला. कलालबांगडी अवाढव्य आहे, बावीस टनांची सांगतात. तिचा गोळा बारा किलोमीटर जायचा असंही कुणीतरी ठासून सांगत होतं. त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या तोफेचा नेमका मारा फार तर किलोमीटर-दीड किलोमीटरचा. पण राजपुरीचा किनारा इथून जेमतेम अर्धा मैल. म्हणजे किनाऱ्यावरून मारा करू पाहणारा प्रत्येकजण या तोफेच्या टप्प्यात होता, आणि एवढं पुरेसं होतं. बारा किलोमीटरची कुणाला गरजच नव्हती.

तिथून आम्ही पश्चिमेकडच्या दर्या दरवाजाशी गेलो. लहानसा दरवाजा, थेट खुल्या समुद्रावर उघडणारा. वहीतल्या मोठ्या अक्षरांतल्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच द्यायचं होतं.

डोंगरी किल्ल्याला वेढा घालायचा म्हणजे वाटा अडवायच्या आणि आतलं धान्य संपायची वाट बघायची. जंजिऱ्याची ही पाठ अडवायला कायमचं आरमार लागतं. १६७० च्या सुमारास महाराजांनी किल्ल्याला असं जेरीला आणलं होतं की सिद्दी फत्तेखान तडजोडीला तयार झाला. त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला कैद केलं आणि मुघलांकडे धाव घेतली. तिथून पुढे सिद्द्यांचं आरमार बादशाही आरमार झालं, त्याला सुरतेहून पैसा मिळू लागला. पावसाळ्यात त्यांची गलबतं मुंबईच्या बंदरात आसऱ्याला जात, इंग्रजांना नकोसं असलं तरी. जंजिऱ्याचं कोठार असं सुरतेपर्यंत पसरलेलं होतं. त्याला वेढा कसा घालणार?

१६७१ मध्ये होळीच्या रात्री सिद्दी कासीमने किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. हल्ला चालू असतानाच दारूकोठाराचा भडका उडाला. मुघल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलंय की तो आवाज झाला तेव्हा दूरवर झोपलेले महाराज दचकून जागे झाले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी संकट आलं असं म्हणाले. भाचीने 'तोफेजवळ उभे राहणारे बहिरे व्हायचे का' या प्रश्नासमोर खूण केली आणि विचारलं, "कोठारात किती माणसं होती?" मी नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

संभाजीराजांनी १६८२ च्या सुरुवातीला राजपुरीकडून खाडीत दगड-लाकडं टाकून बांध घालायला घेतला. पायी चालत किल्ल्याला भिडायचं. तोच मुघल सरदार हसन अलीखान कल्याणवर चालून आला आणि त्यांना मोहीम सोडून जावं लागलं. "म्हणजे भुयार नव्हतंच," भाची म्हणाली. "असतं तर एवढे दगड कशाला टाकले असते?" होडीत बारा जणांनी विचारलेल्या प्रश्नाचा तिने असा निकाल लावला.

दुपारी मुरुडला एका खानावळीत सुरमई, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. बाबा जेवून तिथेच पेंगले.

दुसऱ्या दिवशी पद्मदुर्ग. इथे जायला आधी परवानगी काढावी लागते, होडी ठरवावी लागते आणि समुद्राची मर्जी असावी लागते. आमचं तिन्ही जमलं. जंजिऱ्याच्या वायव्येला कासा नावाच्या खडकावर महाराजांनी हा किल्ला उभारला. कमळाच्या पाकळ्यांसारख्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दगडी कंगोरे, असलेला बुरूज आहे, त्यावरून पद्मदुर्ग. गर्दी नाही, काका नाहीत, पाऊण तासाचं बंधन नाही. बाबा तटाला हात लावून उभेच राहिले. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलाय, मधमाशांच्या पोळ्यासारखा. "दगड गेला, दरज राहिली," बाबा म्हणाले. "आयुष्यभर बांधकामं बघितली, पण हे नाही बघितलं." त्यांचा आवाज थोडा कापला.

तिथे बसून मी भाचीला जानेवारी १६७५ मधल्या पत्राबद्दल सांगितलं. पद्मदुर्गाचं काम चालू होतं, आरमार समुद्रात होतं आणि कोकणातल्या प्रभावळी सुभ्याचा सुभेदार जिवाजी विनायक याने पाठवायची ती रसद आणि पैसा पाठवलाच नाही. महाराजांनी त्याला लिहिलं की पद्मदुर्ग वसवून आम्ही राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, आणि तुम्ही रसद पोचवत नाही. हबशाने काही देऊन तुम्हाला आपला चाकर केलं असेल, म्हणून अशी बुद्धी झाली असेल. ब्राह्मण म्हणून तुमचा मुलाहिजा कोण करतो? राज्याभिषेक होऊन सात-आठ महिनेच झालेले, आणि छत्रपती पोत्यांचा हिशेब मागतायत. महाराजांच्या पत्रांमधलं हे मला सर्वांत जवळचं वाटतं. राग तलवारीबद्दल नाही, तांदळाबद्दल आहे. समोर, डोळ्यांना दिसेल अशा अंतरावर, कधी उपाशी न पडणारा जंजिरा, आणि इथे या उघड्या खडकावर चुना कालवणारी, दगड वाहणारी, धान्याच्या गलबताची वाट बघणारी आपली माणसं.

भाचीने जंजिऱ्याकडे बघितलं, मग पायाखालच्या खडकाकडे. मग मोठ्या अक्षरांतल्या त्या पानावर खाली काहीतरी लिहिलं. मी डोकावले नाही.

परतीला दिघीची फेरीबोट पकडायला आगरदांड्याच्या जेटीवर रांगेत थांबलो होतो. आमच्या पुढे तांदळाच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो होता. भाचीने काच खाली केली, मान बाहेर काढून पोती मोजली, पुन्हा एकदा मोजली.

"आजोबा, एका पोत्यात किती किलो?"

"पन्नास धर."

"आणि एका माणसाला दिवसाला?"

"राबणारा माणूस आहे. अर्धा किलो तरी धर."

तिने वही मांडीवर घेतली.